मुठेला दुरून नमस्कार

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि पुणेकराला आठवतं, आपल्या गावाला नदी आहे. शरदात पाणी ओसरतं, पूल वर येतो, आठवण बुडते.

खरं तर मुठा बघावी ती याच दिवसांत. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं, काठच्या गवतावर कोवळं ऊन आणि विठ्ठलवाडीपाशी खडकावर एक बगळा, इतका निश्चल की सुशोभीकरणात बसवलाय असं वाटावं. शोभा डोळ्यांनी बघायची, श्वास तेवढा तोंडाने घ्यायचा. सांडपाणी काही ऋतू पाळत नाही.

पण नदीवर आपलं प्रेम नाही असं कोणी म्हणू नये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुलावर एक स्कूटर थांबली. काकांनी हँडलची पिशवी काढली. आत झेंडू, आपट्याची पानं, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. पिशवीची गाठ नीट पक्की केली (आतलं सांडायला नको!), कठड्यावरून खाली सोडली, चप्पल काढून हात जोडले. निर्माल्यकलश चार पावलांवर होता. मी दाखवला.

"त्यात नको हो," काका म्हणाले, "लोक कचरा टाकतात त्यात."

यावर काय बोलणार? पिशवी डुलत डुलत संगमाकडे निघाली. तिथे मुळा भेटेल, पुढे भीमा, मग उजनी. सोलापूरच्या नळांना पाणी तिथूनच जातं.