सतरा मिनिटं बटण दाबून ठेवणाऱ्या वैमानिकास

महोदय,

दिवाळीच्या फराळाला मंडळाच्या हॉलमध्ये तुम्ही सांगितलेली गोष्ट मी मागच्या रांगेत बसून पूर्ण ऐकली. हवेत असताना रेडिओ अचानक मुका झाला, कुणाचा आवाज येईना, तुम्ही डोकं शांत ठेवून ट्रान्सपॉन्डरवर ७६००, म्हणजे रेडिओ बिघडल्याचा कोड, लावला आणि विमान सुखरूप उतरवलंत. टाळ्या पडल्या. एका काकूंनी तुमची दृष्ट काढली. सणासुदीला कुणाचा विरस नको म्हणून मी गप्प राहिलो. आज बोलतोय, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही कानावर जावं म्हणून उघडपणे बोलतोय.

तुमचा रेडिओ बंद पडला नव्हता. तो सतरा मिनिटं अखंड चालू होता. बंद पडले ते आमचे, आणि ते तुम्ही पाडलेत.

स्टिअरिंगच्या डाव्या शिंगावरचं तुमचं बोलण्याचं बटण दाबलं गेलं आणि तिथेच अडकलं. बटण दाबलेलं असताना विमानाचा रेडिओ फक्त बोलतो, ऐकत नाही. म्हणून तुम्हाला सगळीकडे शांतता वाटली. त्या शांततेत तुम्ही शेजारी बसलेल्या मित्राला नव्या गाडीचे हप्ते समजावून सांगत होतात. धावपट्टीच्या कडेला हातातला रेडिओ कानाला लावून मी ते शब्दन् शब्द ऐकत होतो. मला तेव्हा ऐकायचा होता दुसराच आवाज. माझी सतरा वर्षांची विद्यार्थिनी आयुष्यात पहिल्यांदा एकटी विमान घेऊन वर गेली होती.

इलिनॉयमधल्या आपल्या या लहानशा विमानतळाला टॉवर नाही. १२२.८ ही फ्रिक्वेन्सी हाच आमचा टॉवर. मी कुठे आहे, कुठल्या धावपट्टीवर उतरतोय, हे ज्यानं त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकून आपापली जागा ठरवायची. आजूबाजूच्या गावांतल्या विमानतळांनाही हीच फ्रिक्वेन्सी आहे. तुम्ही तीन हजार फुटांवर होतात. तिथून रेडिओ साठ मैल सहज जातो. एवढ्या मुलखातल्या उतरणाऱ्या आणि उडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर तुमचा हात होता. मध्ये कुणी बोलायचा प्रयत्न केला, की दोन लहरी एकमेकींवर आदळून कानात नुसती किंचाळी उठायची. १९७७ साली टेनेरिफला दोन जम्बो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. त्या धडकेच्या आधी, ऐकू येणं सर्वांत गरजेचं होतं त्याच क्षणी, कॉकपिटमध्ये हीच किंचाळी उमटली होती. ती काही सेकंदांची होती. तुमची सतरा मिनिटांची.

पार्किंगमध्ये मी तुम्हाला गाठलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “अहो, इथे रेडिओ सक्तीचाच नाही.” नियमाच्या दृष्टीनं बरोबर आहे. आपल्याच विमानतळावर एक जुनं पायपर कब आहे, त्यात वीजच नाही, रेडिओ कुठून असणार? त्याचे मालक मुकाट्यानं येतात, चौफेर नजर ठेवतात आणि उतरतात. त्यांच्याविरुद्ध मी कधी चकार शब्द काढला नाही, कारण ते दुसऱ्याचा आवाज हिरावून घेत नाहीत. त्या म्हाताऱ्या कबच्या आडोशाला तुम्ही उभं राहू नका.

आवाज अर्धवट पोचला तरी काय होतं ते बघा. क्विन्सी इथून गाडीनं दोन तासांवर आहे. तिथल्या विमानतळालाही टॉवर नाही. १९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी एक छोटं प्रवासी विमान तिथे उतरत होतं. आडव्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर विमान उभं दिसलं, म्हणून त्यांनी रेडिओवर विचारलं की तुम्ही थांबणार ना? उत्तर दिलं ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी विमानाच्या वैमानिकानं. त्यातले काही शब्द कॉकपिटमधल्या यांत्रिक सूचनेच्या आवाजाखाली बुडाले. उतरणाऱ्यांना वाटलं, किंग एअरच थांबतोय. तो थांबला नाही. प्रवासी विमानातले लोक धडकेतून वाचले होते, पण दार उघडेना, आणि आग पोचली. दोन्ही विमानांतली चौदाच्या चौदा माणसं गेली. एक अर्धवट ऐकलेलं वाक्य एवढं करू शकतं. हे इथल्या प्रत्येक वैमानिकाला माहीत आहे, तुम्हालाही.

यंत्र कुणाचंही बिघडतं. माझा राग बिघाडावर नाही. मार्चमध्ये तुम्ही स्वतः मला ते बटण दाखवलं होतंत. “जरा अडकतं, नखानं उचकटावं लागतं,” हे तुमचेच शब्द. त्यानंतर तुम्ही सात महिने तसेच उडत राहिलात. शांतता पसरली तेव्हा सगळ्यात आधी त्या बटणाकडे बघायला हवं होतं. रेडिओवरचा प्रसारणाचा दिवा पेटलेला होता. रेडिओच बंद केला असता तरी आमची सुटका झाली असती. तुमचा रेडिओ जुना. नव्यांपैकी बरेच अर्ध्या मिनिटात आपोआप प्रसारण थांबवतात. तुमच्या विमानात ते काम तुमचं होतं. तुम्ही थेट ७६०० लावलंत आणि पुन्हा हप्त्यांवर आलात.

आता माझ्या त्या विद्यार्थिनीबद्दल. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर जाताना, तिनं आपली जागा सांगायला बटण दाबलं, कुणाला काही कळलं नाही. त्याच वेळी एक बोनान्झा विमान लांबून सरळ फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, येत होतं. मला दोन्ही विमानं दिसत होती आणि माझ्या हातातला रेडिओ तुमच्या गाडीचा व्याजदर सांगत होता. मी ओरडलोसुद्धा, शेतात उभ्या माणसानं ओरडावं तसा. मी तिला शिकवलं होतं की रेडिओ गेला तर आधी विमान उडवायचं, मग बाहेर बघायचं, बोलणं सगळ्यात शेवटी. बेसकडे, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याकडे, वळण्याआधी तिनं मान वळवून फायनलकडे पाहिलं. तिला बोनान्झा दिसलं. ती तशीच सरळ पुढे गेली, त्याला उतरू दिलं, आणि मग वळली. चाकं टेकली तेव्हा माझे पाय कापत होते.

विमानातून उतरल्यावर तिनं मला पहिली गोष्ट विचारली ती ही: “सर, रेडिओ माझ्याकडून बिघडला का?”

नाही, असं मी तिला दहादा सांगितलं. तिचा विश्वास बसलेला नाही. दोन आठवडे झाले, ती आलेली नाही.

येत्या शनिवारी सकाळी नऊला मी तिला हँगरवर बोलावलं आहे. तुम्ही या. तिच्यासमोर त्या बटणावर बोट ठेवून सांगा की हे तुमचं होतं आणि तुम्हाला मार्चपासून माहीत होतं. मेकॅनिकलाही त्याच वेळी बोलावलं आहे. तो बटण बदलेपर्यंत विमान जमिनीवर ठेवा.

— धावपट्टीच्या कडेला उभा असलेला, तुमचा शेजारचा हँगरवाला