भोपळ्याचे कुल आणि कांद्याचा गोतावळा

मराठी भाषेने भोपळ्यावर जितका अन्याय केला आहे तितका अन्य कोणत्याही फळावर केलेला दिसत नाही. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा मिळाला, भ्रम फुटला की तोही भोपळ्याचाच, आणि दोघांचे पटत नसले की विळ्यासमोर उभा केला जातो तो पुन्हा भोपळाच. नाशिक-खानदेशाकडे त्याला गंगाफळ असे भारदस्त नाव आहे खरे, परंतु सटाण्याच्या परिसरात त्याचा मुक्काम बहुधा बांधावर किंवा उकिरड्याच्या कडेला असतो आणि त्याच्या आईबापांची चौकशी कोणी करीत नाही.

हीच चौकशी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर या गावच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे केली आणि निवड करीत करीत ‘अटलांटिक जायंट’ हा वाण सिद्ध केला. आजचे बहुतेक महाकाय भोपळे याच घराण्याचे असून, २०२५ साली इंग्लंडमधील पेटन या जुळ्या भावांनी तोललेला भोपळा १२७८.८ किलोंचा, म्हणजे सटाण्याच्या बाजार समितीच्या हिशेबात सुमारे पावणेतेरा क्विंटलांचा भरला. अशा फळाची भाजी हा दुय्यम प्रश्न ठरतो, कारण जाणकारांची नजर असते ती पोटातल्या बियांवर. बीला फळाचे वजन आणि मालकाचे आडनाव मिळून नाव पडते, आणि वंशावळीत आधी आईचा व मग बापाचा उल्लेख येतो. बाप अज्ञात असेल तर तसे निःसंकोच लिहिले जाते, आणि एकाच वेलावरची नर व मादी फुले जुळविली असतील तर तेही लपविले जात नाही. हे लग्न पूर्णपणे ठरवून केलेले असते: मादी कळी आदल्या संध्याकाळी झाकून ठेवायची, सकाळी निवडलेल्या नरफुलाचे पराग तिला स्वहस्ते लावायचे, आणि पुढे वेलावर एकच फळ राखून बाकीची खुडायची. एकुलत्या एका मुलाचे इतके लाड मराठी घरातही होत नाहीत, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा.

सटाण्यात अशी बीजनिष्ठा नाही असे मात्र कोणी समजू नये, कारण ती येथे भोपळ्याऐवजी उन्हाळ कांद्यावर खर्च होते. कांदा पहिल्या हंगामात गड्डा धरतो आणि तो गड्डा पुन्हा लावल्यावर दुसऱ्या हंगामात दांडा, गोंडा व काळे बी देतो. बियाण्यासाठी लावलेल्या अशा कांद्यांना डोंगळे म्हणतात, आणि मुंग्यांच्या नावाशी असलेल्या या साम्याचा शेतात कोणालाही त्रास होत नाही. डोंगळ्यांची निवड म्हणजे जुन्या पद्धतीची वधूपरीक्षाच होय: मान बारीक हवी, रंग एकसारखा, अंग मध्यम, जोड कांदा तर नकोच. एवढ्यावर न थांबता लावणीपूर्वी वरचा तिसरा हिस्सा कापून आत डोळा एकच आहे की दोन, हेही तपासले जाते, आणि इतकी सखोल तपासणी कोणत्याही सोयरिकीत आजवर झालेली नसावी. सर्वांत कठोर परीक्षा अर्थात चाळीची. एप्रिलच्या सुमारास साठविलेला जो कांदा ऑक्टोबरपर्यंत न सडता, न कोंब फुटता पडून राहील तोच वंश चालविण्यास पात्र ठरतो. भोपळ्याच्या जगात जो फुगतो तो जिंकतो, तर चाळीत फुगीर, जाड मानेचा पैलवान बहुधा आधी सडतो.

त्याहून महत्त्वाचा फरक असा की, भोपळ्याचा वंश सख्ख्या नात्यातल्या जुळणीनेही फारसा खंगत नाही, कांद्याचा मात्र लवकर खंगतो. म्हणूनच एखाद्या दिग्विजयी कांद्यापासून बी धरून भागत नाही, अनेक डोंगळ्यांचा गोतावळा लागतो. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतात आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे फुलाला स्वतःशी संसार करता येत नाही. सगळा सामुदायिक विवाह मधमाशीच्या मध्यस्थीने पार पडतो. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर राखावे असा नियम आहे, परंतु मधमाशीला बांध कळत नाही आणि सातबाराही वाचता येत नाही. शेजाऱ्याने पांढरा कांदा लावला की आपल्या लाल घराण्यात पुढच्या पिढीत कोणता रंग उगवेल याची धास्ती असते, आणि भाऊबंदकीतील अनेक जुन्या तक्रारींत ही एक परागांची तक्रार सहज मावून जाते.

सटाण्याचे दैवत असलेले यशवंतराव महाराज हे येथलेच मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांना वाटून टाकला म्हणून ते देवमामलेदार झाले. त्याच गावच्या पंचक्रोशीत घरच्या बियाण्याचा डबा मात्र इतक्या सहज उघडत नाही. चांगले उळे, म्हणजे कांद्याचे बी, मागण्यास आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणे शिष्टाचारात बसत नाही. आणि कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्याने घटते हे यजमान चांगले जाणून असतो. म्हणून पाहुण्याला चहा होतो, नाश्ता होतो, निघताना हातात पुडीही पडते, आणि त्या पुडीत गेल्या नव्हे तर त्याच्याही मागच्या सालचे बी होते हे पाहुण्याला पंधरा दिवसांनी, रोपवाटिकेचा कोरा वाफा न्याहाळताना समजते.