जावईबापू आणि मोडकी चोच

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणापाशी या, समोरचे पाहुणे अजून गेले नाहीत. नागपूरचे जावईबापू हो, गळ्यात बायनॉक्युलर अडकवून आलेले! काल सगळी वरात परसवाड्याच्या तलावावर. डबा घरीच विसरले म्हणे, त्यावरून गाडीत जे काही झालं... ते जाऊ द्या.

तर काय सांगत होते, काठाला मुग्धबलाक उभा. जावईबापू म्हणतात कसे, "अरेरे, चोच मोडलीय बिचाऱ्याची, मधे फट पडलीय!" सासूबाईंनी लगेच च्-च् केलं. जावई म्हणेल ती पूर्व दिशा ना!

धुऱ्यावर एक म्हातारबाबा बसलेला, तो फिसकन हसला. "मोडली नाही जी. पिल्लाची चोच नीट मिटते, मोठा झाला की फट पडते." जावईबापूंचा चेहरा असा पडला म्हणता! सूनबाईच सांगत होती, पदर तोंडाला लावून.

सासूबाई सावरायला गेल्या, "म्हणजे अडकित्त्यासारखी शंख फोडायला असेल." कसलं काय! मुग्धबलाकानं शंख चिखलात दाबून धरला, खालच्या चोचीचं टोक झाकणाखाली सरकवलं, आतला स्नायू कापला आणि अख्खा घोंगा बाहेर. म्हातारबाबानं रिकामा शंख उचलून सासूबाईंच्या हातावर ठेवला. फुटलेला नाही हो, साधा टवका नाही! त्या फटीनं गुळगुळीत शंख धरायला सोपं जातं, असंही म्हणतात.

चमचा पक्ष्याची तऱ्हा निराळी. अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत राहायचं, मासोळी लागली की खट्! गढूळ पाणी असलं तरी अडत नाही. हिवाळ्यात येणारं थापट्या बदक तर पाणी गाळूनच जेवतं.

आणि आपला सारस? माणसाएवढा उंच, २०२१ मध्ये हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली त्याची, साधं नाही. पण खाण्यात नखरा नाही हं! त्या लांब, मजबूत चोचीनं कंद उकरेल, टोळ टिपेल, बेडूक गिळेल, बांधीतलं धानही चालतं. मुग्धबलाकाला मात्र घोंगेच हवेत, बाकीचं नावापुरतं. म्हातारबाबा म्हणाला, "औषधं मारमारून घोंगे संपले, तर ही चोच घेऊन जाईल कुठं?" जावईबापू गप्प. स्वतः शेतीच्या औषधांच्या कंपनीत आहेत ना!

सासूबाई काय कमी? आज सकाळी दूधवाल्याला सांगत होत्या, "मी बघताक्षणीच ओळखलं, तशीच असते ती चोच." इश्श, काल च्-च् कोण करत होतं मग?