बंद काचेआडचा कारभार

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५३ साली जोडणीचं प्लास्टिक स्पिटफायर बाजारात आणलं, मूळ विमानाच्या १/७२ मापाचं. पोरांनी एका दुपारी चिकटवावं आणि संध्याकाळपर्यंत मोडावं, असा सरळ हिशेब. असल्या जुन्या संचांत कॉकपिट म्हणजे फार तर एक पोकळी आणि तीत कोंबलेला वैमानिक.

आता ती पोरं पेन्शनीत निघाली आणि विमानाचं नशीब फळफळलं. आधी पॉलिश पेपरने अंगावरचे उठावदार रिव्हेट आणि रेघा घासून काढायच्या. मग त्याच रेघा सुईने आत कोरायच्या. वैमानिकाची हकालपट्टी. पातळ प्लास्टिकमधून कापलेली खुर्ची, मेणबत्तीवर तापवून केसाएवढ्या ताणलेल्या काडीच्या कंट्रोल दांड्या, मास्किंग टेपचे पट्टे. खऱ्या पॅनेलवरची मुख्य सहा उपकरणं इथे प्रत्येकी जेमतेम मिलिमीटरभर. त्यांचे काटेही रंगवायचे, श्वास रोखून. आतला करडा-हिरवा नेमका कोणता, यावरून जुने मित्र बोलेनासे होतात, ते वेगळंच.

एवढं झालं की वर जाड काच चिकटवायची. आत काय आहे, ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही. म्हणून काच लावण्याआधी फोटो काढायचे आणि आल्यागेल्याला तेच दाखवायचे. विमान राहतं कपाटात.

आणि इतकं करूनही पंखांचा आकार मुळातच चुकलाय, हे एखादा जाणकार पाहुणा उंबऱ्यातूनच सांगतो. त्याला चहा विचारू नये.