फ्रँकलिनपंत, शेगडी पोचली; दारापर्यंत

रा. रा. बेंजामिनपंत फ्रँकलिन,
क्राइस्ट चर्चची दफनभूमी, फिलाडेल्फिया
यांचे सेवेसी सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण शोधलेल्या शेगडीची पणती-खापरपणती आमच्या न्यू हॅम्पशरच्या घरी सुखरूप पोचली. घरी म्हणजे ड्राइव्हवेच्या तोंडाशी. गाडीवाल्याने सही घेतली, 'आत नेणं आमच्याकडे नसतं' म्हणाला आणि गेला. बिडाची आहे, पावणेदोनशे किलोची. जुन्या मापात साडेचार मणांच्या वर.

आपण ती १७४२ च्या सुमारास काढलीत आणि १७४४ मध्ये तिच्यावर एक पुस्तिकाही लिहिलीत. उघड्या शेकोटीपाशी पोट भाजतं नि पाठ गारठते, फटींतून येणाऱ्या वाऱ्याने बायकांचे दात अकाली किडतात, इथपर्यंत सगळा विचार आपण केलात. पण मणक्यात गॅप असलेल्या संगणक अभियंत्यांनी ही वस्तू पायऱ्या चढवून दिवाणखान्यात कशी न्यावी, यावर मला त्यात काही सापडलं नाही.

मुळात ही हौस नाही, बरं का. इथे हिवाळ्यात बर्फाच्या भाराने तारा तुटतात, वीज जाते, आणि तेलावर चालणारा बॉयलर टाकी भरलेली असूनही थंड पडतो, कारण त्याचा पंप विजेवर.

तर मराठी मंडळाची कार्यकारिणी मदतीला आली. गणपतीचं मखर उचललेल्या प्रत्येकाला आपण अवजड कामात मुरलेले आहोत असं वाटतं. एकाने 'वरचं झाकण धरा रे' म्हणून हात घातलाही. बिडाची शेगडी झाकणाला धरून उचलली की सांध्यांतलं सिमेंट तडकतं. शेवटी चहा घेऊन आलेल्या एका काकूंनी विचारलं, 'आधी रिकामी का नाही करत?' मग दारं काढली, आतल्या विटा काढल्या, जाळी काढली. पायऱ्यांवर जाड फळ्यांचा उतार केला, शेगडी डॉलीला पट्ट्याने आवळली. ती वर चढत असताना खालच्या बाजूला कुणीही थांबायचं नाही, असं ठरलं होतं. अध्यक्ष तिथेच उभे होते, सूचना देत.

खरा पुरुषार्थ पुढे. प्रमाणपत्र नसलेली शेगडी लाकडी भिंतीपासून ३६ इंच लांब हवी. आमची प्रमाणित, म्हणून तिचं अंतर तिच्यावरच्या पत्र्यात छापलेलं आहे. पत्रा मागच्या बाजूला आहे. वाचायचा तर शेगडी हलवा.

धुराडं छतातून बाहेर येतं तिथून निदान ३ फूट वर हवं, शिवाय १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच. आतल्या पाइपांपैकी वरच्याचं खालचं टोक नेहमी खालच्या पाइपात खोवायचं. धूर वर जातो म्हणून उलटं सुचतं. पण धुरातून जमणारा डांबरासारखा रस पाघळत खाली येतो आणि तो पाइपाच्या आतच राहायला हवा. तो साठत गेला की एक दिवस धुराडंच पेटतं. म्हणून लाकडात २० टक्क्यांहून कमी ओल हवी. विकणारा प्रत्येक जण आपलं लाकूड वाळलेलंच आहे अशी शपथ घेतो. मीटर खुपसला की शपथ ओली निघते.

आपल्या मूळ रचनेत म्हणे धूर आधी खाली जायचा आणि मग वर. सरकारी फायलींना हे जमतं, धुराला जमलं नाही. नंतरच्या कारागिरांनी त्याची वाट सरळ केली. गव्हर्नरने देऊ केलेलं पेटंट मात्र आपण नाकारलंत: दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, मग आपलाही फुकट द्यावा. तिकडे लंडनच्या एका लोखंडवाल्याने किरकोळ फेरफार करून पेटंट मिळवलं आणि पैसा केला.

आपल्या औदार्याने मी भारावलो होतो. मग सनावळी पाहिली. १७३६ मध्ये आपण फिलाडेल्फियात आग विझवणाऱ्यांचं मंडळ काढलंत. त्यानंतर शेगडी. १७५२ मध्ये आगीच्या विम्याची संस्था. आधी बंब, मग विस्तव, मग हप्ता! एवढी दूरदृष्टी आमच्याकडे फक्त साखरसम्राटांकडे असते. पेटंट हवं कशाला?

शंभर डॉलरच्या नोटेवर आपलं चित्र आहे. परवाना, धुराडं, शेगडीखालची फरशी, बसवणारा, तपासणारा असं करत आपले बरेच चेहरे माझ्या हातून गेले. प्रत्येकावर तेच मंद हसू. आता कळतं.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
एक शेकणारा

ता. क. : शेगडी कुणाच्या सल्ल्याने घेतली, असं विमावाल्यांनी विचारलंय. मी आपलं नाव दिलं आहे. त्यांचा फोन येईल.