सातव्या आकड्याचे काय करायचे?

पनवेलच्या एका बँकेत खाते उघडण्याच्या अर्जावर पिन कोडसाठी सहा चौकटी आहेत. कागदावर सातवा आकडा चौकटीबाहेर कोंबता येतो. कोंबण्यात आपला हात कोणी धरणार नाही, सकाळची पनवेल लोकल बघा. पण तोच अर्ज पुढे संगणकात चढवावा लागतो, आणि संगणक लोकलमध्ये कधी चढलेला नसल्यामुळे सहा जण बसले की त्याच्या लेखी डबा भरला.

इस्रायलचा पिन कोड सात आकडी असतो.

बातमी एवढीच. तरीही संपादकांनी मला अख्खा रकाना दिला आहे आणि बँकेने मावशींना अख्खा महिना, तेव्हा सविस्तर सांगायला हरकत नाही.

मावशी पनवेलच्या. बेने इस्रायल. ज्या गावात १८४९ पासून सिनेगॉग उभे आहे, तिथे हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. निदान बँकेच्या दारापर्यंत तरी लागत नाहीत. लग्नानंतर मावशी तिकडे गेल्या, अशदोदला स्थायिक झाल्या, तिकडचे नागरिकत्व घेतले. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून इथले गेले आणि त्याजागी ओसीआय कार्ड आले. आता वडिलांच्या घराचा वाटा विकला. विमानतळ आल्यापासून पनवेलमध्ये पडकी भिंतसुद्धा स्वतःची किंमत राखून बोलते. त्या पैशासाठी खाते हवे. १९९९ च्या फेमा कायद्याखाली अशा माणसासाठी एनआरओ नावाचे खाते आहे. रुपयांत चालणारे, भारतातली कमाई ठेवायचे. नियम उदार आहे. परदेशात राहणारा परदेशी नागरिक हे खाते उघडू शकतो. चार मंदिरे आणि दोन समुद्रकिनारे बघायला आलेला गोरा पर्यटकसुद्धा सहा महिन्यांपर्यंत उघडू शकतो. नियम लिहिणाऱ्याने सगळ्या जगाला आत घेतले. मग नियम चौकटी आखणाऱ्याकडे गेला.

मावशी तयारीने आल्या होत्या. पासपोर्ट, ओसीआय कार्ड, पॅन, खरेदीखताची प्रत, तिकडच्या पत्त्याचा पुरावा, त्याचे भाषांतर, त्या भाषांतरावर अपोस्टिलचा शिक्का. ज्या आंतरराष्ट्रीय करारामुळे हा शिक्का चालतो तो १९६१ चा, आणि भारत त्यात २००५ साली सामील झाला. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे विचार करून आपण परदेशी कागदावर विश्वास ठेवायचे ठरवले. कागदांत खोट काढता येईना, तेव्हा काउंटरवरच्या मुलाच्या चेहऱ्यावर जरा निराशाच पसरली. मुलगा दुसऱ्या राज्यातून नुकताच बदलून आलेला. त्याने हिंदीत विचारले, ‘आप इंडिया पहली बार आए हैं?’ परदेशी नागरिकाने मराठीत उत्तर दिले, ‘नाही रे बाळा, मी इथे टपाल नाक्यावर लहानाची मोठी झाले.’ भारतीय नागरिकाला ते कळले नाही. त्याने पत्ता टंकायला घेतला. घर क्रमांक गेला, रस्ता गेला, गाव गेले, आणि पिन कोडच्या सहाव्या आकड्याशी कर्सर थांबला.

‘मॅडम, सिस्टीम नहीं ले रहा.’

मग सूचना सुरू झाल्या. पहिली सूचना शेजारच्या काउंटरवरून आली: शेवटचा आकडा गाळा, एका आकड्याने काय होतंय? एका आकड्याने काय होते हे बँकेत काम करणाऱ्या माणसाने विचारावे, हे मला फार आवडले. माझ्या खात्यातल्या शिलकीचाही एखादा आकडा असाच गाळत असतील. दुसरी सूचना, जुना कोड टाका. ही खरे तर हुशारीची होती. इस्रायलमध्ये २०१३ पर्यंत पाच आकडी कोड होता, त्या वर्षी त्यांनी तो सात आकडी केला. पाचावरून थेट सातावर. मध्ये सहा नावाची संख्या आहे, भारतात तिच्यावर बऱ्याच गोष्टी अवलंबून आहेत, हे त्या देशाच्या टपालवाल्यांच्या मनातही आले नाही. त्यामुळे जुना कोड टाकला तर एक चौकट रिकामी राहते, नवा टाकला तर एक आकडा रस्त्यावर येतो. पाच आकड्यांच्या पुढे शून्य लावून पाहिले. आपला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला तेव्हापासून तो शून्याने कधीच सुरू होत नाही, हे मात्र सिस्टीमला पक्के ठाऊक. तिने शून्य नाकारले. अज्ञानाबद्दल तिला माफ करता आले असते, पण तिला नेमके अर्धे माहीत होते.

एव्हाना रांगेतल्या लोकांना विषयात रस निर्माण झाला होता. पनवेलात कोणाच्या घरचे कोणी बाहेर नाही? एकाचा भाऊ दुबईत. दुबईला पिन कोडच नसतो, टपाल पेटीच्या नंबरावर येते. सहाच्या सहा चौकटी रिकाम्या, त्यामुळे अर्ज ‘अपूर्ण’. म्हसळा-श्रीवर्धनकडच्या अर्ध्या घरांचे आखातात कोणी ना कोणी असेल. ती सगळी माणसे या सिस्टीमच्या मते अपूर्ण. एकाची सून ऑस्ट्रेलियात, तिथे चार आकडे. जर्मनीत पाच. विलायतेत अक्षरे आणि आकडे यांची खिचडी, तीही कुठे लांब तर कुठे आखूड. कॅनडाचा कोड मोजला तर बरोबर सहा जागांचा, बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, पण त्यात एक अक्षर, एक आकडा, एक अक्षर, एक आकडा असा प्रकार. सिस्टीमने पहिल्याच अक्षराला लाल रंग दाखवला. हाँगकाँगवाल्याची तर बोलतीच बंद, तिकडेही कोड नाही. शेवटी कोपऱ्यातले एक काका हळूच म्हणाले, आमची पुतणी सिंगापूरला असते, तिचा सहा आकडी आहे. काउंटरवरचा मुलगा उठून उभा राहिला. मला वाटले हार घालतो. त्याने काकांना विचारले की पुतणीला खाते काढायचे आहे का. काका म्हणाले, नाही, तिला काही नको, ती सुखात आहे. तेव्हा परदेशी नागरिकत्व घेण्याच्या विचारात असलेल्या पनवेलकरांनी पगार, हवामान, शाळा वगैरे किरकोळ बाबी बघत बसू नयेत. पिन कोड मोजावा. सिंगापूर चालेल. चीन चालेल, तिथेही सहाच. रशियाही चालेल. आपले परराष्ट्र धोरण कुठे झुकते यावर विद्वान मोठमोठे लेख लिहितात, त्यांनी एकदा हा अर्ज बघावा. लोकशाही देशांपैकी बहुतेकांचे आकडे कमी-जास्त निघतात.

आयकराच्या कागदांत यावर फार पूर्वीच तोड निघाली आहे. तिथे परदेशातला पत्ता असेल तर राज्याच्या जागी ९९ आणि पिन कोडच्या जागी ९९९९९९ लिहायची पद्धत आहे. भारताबाहेरचे जग एकाच मोहल्ल्यात बसवले, विषय संपला. आपल्या पिन कोडात नऊने सुरू होणारे कोड सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणजे कराच्या नजरेतून अशदोद, टोरांटो आणि दुबई ही सगळी लष्करी छावणी झाली. असो, पण खिडकी तरी उघडली. ज्याला आपल्याकडून पैसे घ्यायचे असतात त्याला आपला पत्ता कसाही सापडतो. ज्याच्याकडे आपण पैसे ठेवायला जातो त्याला सातवी चौकट सापडत नाही. मावशींनी हा नऊ-नऊचा तोडगा सुचवला. सिस्टीमने सहा नऊ घेतले. मग शहराच्या रकान्यात तिने आपल्या मनाने काही शोधले, तिला सापडले नाही, आणि तिने अर्ज पुन्हा पहिल्या पानावर नेऊन ठेवला.

आता त्या शहराच्या रकान्याची गंमत. तो आपोआप भरतो. पिन कोड टाकला की शहर, शहरावरून जिल्हा, जिल्ह्यावरून राज्य, राज्यावरून देश. कंटाळून त्या मुलाने पनवेलचा ४१०२०६ टाकून पाहिला, निदान पुढचे पान तरी उघडेल म्हणून. उघडले. शहर पनवेल, जिल्हा रायगड, राज्य महाराष्ट्र, देश भारत. आणि खाली तांबड्या अक्षरांत: अर्जदार भारतात राहतो, सबब अनिवासी खात्यास पात्र नाही. म्हणजे मावशी परदेशी आहेत हे सिद्ध करायचे तर त्यांना भारतातला पत्ता द्यावा लागतो, आणि भारतातला पत्ता दिला की त्या परदेशी राहत नाहीत. तर्कशास्त्राच्या परीक्षेत हा प्रश्न घालावा. दोन हजार वर्षे या माणसांना जग विचारत आले की तुम्ही नक्की कुठले. कोकणाने विचारले नाही, ती कसर पनवेलच्या शाखेने भरून काढली.

मला राग त्या मुलाचा नाही. त्याला घरभाडे परवडत नाही, त्याची आई दूर आहे, त्याला रोज विम्याच्या पॉलिसी खपवायचे टार्गेट आहे. मला राग त्या चार शब्दांचा आहे. ‘सिस्टीम नहीं ले रहा.’ सातबाऱ्याला गेलो, सिस्टीम घेत नाही. रेशनला गेलो, बोटाचा ठसा सिस्टीम घेत नाही. वीजबिलावरचे नाव बदलायला गेलो, मेलेल्या वडिलांचे नाव सिस्टीम सोडत नाही. पूर्वी काउंटरपलीकडे एक माणूस बसलेला असायचा. तो उद्धट असेल, आळशी असेल, पान खाऊन कोपऱ्यात थुंकत असेल, पण त्याच्यावर ओरडता यायचे, त्याच्या साहेबाकडे जाता यायचे, त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करून त्याला विरघळवता यायचे, आणि अगदीच अडले तर तो समासात तिरक्या अक्षरात सातवा आकडा लिहून शेजारी सही ठोकायचा. सही म्हणजे काय, तर ‘हे मी केले, पुढचे मी बघतो.’ आता पुढचे बघायला कोणी नाही. शाखा म्हणते मुख्य कार्यालयाने केले, मुख्य कार्यालय म्हणते कंत्राटदाराने केले, कंत्राटदार म्हणतो आम्हाला सहाच सांगितले होते. आणि एका चौकटीला खर्च किती येतो हो? २०२२ साली परदेशातून घरी आलेला पैसा १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेलेला जगातला पहिला देश म्हणजे आपण. तो पैसा कोणी पाठवला? चार आकडीवाल्यांनी, पाच आकडीवाल्यांनी, अक्षरवाल्यांनी आणि बिनकोडच्या दुबईवाल्यांनी पाठवला. भाषणात त्यांना राजदूत म्हणायचे, विमानतळावर स्वागताचे फलक लावायचे, आणि खाते काढायला आले की विचारायचे, तुमचा आकडा जरा कमी करता येईल का. १०० अब्ज डॉलर घेणाऱ्या देशाला सातवी चौकट परवडत नाही!

माझा एक संशय आहे. ज्या होतकरू तरुणाने या अर्जाचा प्रोग्राम लिहिला, तो एव्हाना न्यू जर्सीला असणार. सगळे तिकडेच जातात. न्यू जर्सीचा कोड पाच आकडी, आणि सुरुवातच शून्याने. एक दिवस त्याचे वडील पनवेलचा फ्लॅट त्याच्या नावावर करतील, भाडे जमा करायला तो सुट्टीत या शाखेत येईल, आणि स्वतःच्या हाताने आखलेल्या चौकटींपुढे उभा राहील. त्या दिवशी मला कोणीतरी फोन करावा. कामे टाकून येईन. चहा माझ्याकडून.

मावशींचे पुढे काय झाले म्हणाल, तर वरती मेल गेला, तक्रारीला नंबर मिळाला (तो तेरा आकडी होता, त्याला मात्र जागा मिळाली), आणि काही दिवसांनी ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ असा संदेश आला. समस्या जिथल्या तिथे होती. मग मॅनेजर साहेबांनी मावशींना केबिनमध्ये बोलावले, खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला.

‘मावशी, कशाला डोक्याला ताप? पुतण्याच्या घरचा पत्ता टाका. साधं बचत खातं काढून देतो. आत्ता, पंधरा मिनिटांत.’

मावशींनी चष्मा लावला. त्या फेमा वाचून आल्या होत्या, शाखेत तसे करणाऱ्या बहुधा त्या पहिल्याच. म्हणाल्या, ‘साहेब, मी परदेशात राहते. मला साधं खातं चालत नाही. पकडलं तर रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो, असं कायद्यात आहे.’

‘कोण पकडतंय, मावशी?’

‘पकडलंच समजा. नोटीस कुठे येईल?’

‘तुमच्या तिकडच्या पत्त्यावर.’

मावशींनी टेबलावरचे पेन उचलले. ‘कशी येईल? सिस्टीम घेणार नाही.’