पासून – पर्यंत

आमच्या गावच्या शाळेत ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी फलक दिसतो. निळ्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं चार रकाने आखलेत: अनुक्रमांक, मुख्याध्यापकांचे नाव, पासून, पर्यंत. पहिल्या दोघा-तिघांची नावं चांगली बोटभर उंचीची, आणि दोन तारखांमध्ये बारा-चौदा वर्षांचं अंतर. खाली यावं तशी अक्षरं बारीक होतात. जागा पुरणार नाही हे पेंटरच्या मध्येच कधीतरी लक्षात आलेलं दिसतं. शेवटची चार नावं वाचायला मला चष्मा लागतो, आणि त्यांच्या दोन तारखांमध्ये कधीकधी एक पावसाळाही मावत नाही.

हा फलक मला अलीकडं हॉकीमुळं आठवतो.

आता खंडाळ्यात हॉकी कुठून आली, हे आधी सांगायला हवं. त्याही आधी हे की आमचा खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचा, धुक्यातला, चिक्कीचा खंडाळा नव्हे. पाहुण्यांना फोनवर हे सांगता सांगता आमची निम्मी हयात गेली. आमचा खंडाळा साताऱ्याचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. इथं चहाच्या टपरीवर गप्पा चालायच्या त्या कुस्तीच्या, क्रिकेटच्या आणि बैलगाडा शर्यतीच्या. पण लोणंदवरून पुढं गेलं की फलटण, आणि फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारताच्या हॉकी संघात गेल्या. मग काय! ज्यांनी आयुष्यात काठी फक्त म्हशीमागं धरली, ते पेनल्टी कॉर्नरवर बोलायला लागले. आपल्या शेजारच्या तालुक्यातल्या पोरी खेळतात म्हटल्यावर त्यांना शिकवतंय कोण, ही चौकशी ओघानं आलीच.

आणि तिथंच घोळ झाला. टपरीवरच्या मंडळींना एका कोचचं नाव नीट उच्चारता येईपर्यंत तो कोच गेलेला असे. अक्षता-वैष्णवी संघात आल्या तेव्हा यानेके शॉपमन बाई कोच होत्या. 2024 च्या जानेवारीत रांचीत जपानकडून 0-1 हरून पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट हुकलं, आणि फेब्रुवारीत बाईंनी राजीनामा दिला. मग हरेंद्र सिंग आले. हे नाव तोंडात बसायला सोपं, सगळ्यांना हायसं वाटलं. 2025 च्या डिसेंबरात तेही गेले. जानेवारीत आले शोर्ड मरिन, म्हणजे टोकियो ऑलिंपिकात ज्यांच्या हाताखाली मुली चौथ्या आल्या होत्या, तेच. "जुनाच सायेब परत आला म्हना की," टपरीवाला म्हणाला. त्याला यात नवल वाटलं नाही. तालुक्याच्या कचेरीत त्यानं हे पुष्कळदा पाहिलेलं आहे.

हरेंद्र आणि मरिन या दोघांचा आधीचा किस्सा तर झेडपीच्या मास्तरांना सांगण्यासारखा आहे. 2017 च्या सप्टेंबरात मरिन मुलींकडून उचलून पुरुषांच्या संघाकडं दिले आणि हरेंद्र मुलींकडं. 2018 च्या मे महिन्यात हरेंद्र पुरुषांकडं आणि मरिन परत मुलींकडं. आमच्याकडं याला 'आपसी बदली' म्हणतात. फरक इतकाच, की तिच्यासाठी दोन्ही मास्तरांनी अर्ज करावा लागतो.

पुरुषांच्या संघाचा फलक रंगवायला घेतला तर आमच्या पेंटरचा हातच भरून येईल. 2004 मध्ये अथेन्सला जायच्या तोंडावर राजिंदर सिंग यांना बाजूला करून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले. लग्नाला आठवडा राहिला असताना आचारी बदलावा, तसं. जेवण झालं, पण सातव्या पंगतीत. खडकीच्या धनराज पिल्लेचं ते चौथं आणि शेवटचं ऑलिंपिक. 2008 मध्ये सँटियागोत ब्रिटनकडून हरल्यावर बीजिंगची वाटच बंद झाली, आणि मुंबईचे जोकिम कार्व्हालो पायउतार झाले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल नॉब्स 2011 मध्ये आले, लंडनला संघ बारावा, म्हणजे शेवटचा आला, 2013 मध्ये ते गेले. हरल्यावर जाणं एक वेळ समजतं. पण टेरी वॉल्श? 2014 मध्ये इंचॉनला पाकिस्तानला हरवून 16 वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांचा करार संपला. हार घालून घेतलेली मान सरळ करायलाही वेळ मिळाला नाही. त्यांच्यानंतरचे पॉल व्हॅन अॅस 2015 च्या सुरुवातीला आले आणि जुलैत घरी. आमच्याकडं तेवढ्यात ऊसही गाळपाला येत नाही.

हॉकीचा एक नियम मला फार आवडतो. सामना चालू असताना खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, पंचांची परवानगी लागत नाही. संघटकांनी तो नियम चुकून प्रशिक्षकांनाही लावला असावा, अशी माझी समजूत आहे.

खंबाटकीची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. पुण्याहून साताऱ्याकडं जाताना वर्षानुवर्षं घाट चढावा लागायचा: वळणं, मालट्रकांची रांग, पहिल्या गिअरचा वास. साताऱ्याहून परत येताना मात्र बोगदा आहे, डोळे मिटून उघडेस्तोवर पलीकडं. हॉकीच्या कोचचंही तेच. यायचं घाटानं: अर्ज, मुलाखती, करार, पगाराची घासाघीस. जायचं बोगद्यानं.

हे आपल्याकडंच आहे म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत सेंट लुईस ब्लूज नावाचा संघ आहे. त्यांनी 2018 च्या नोव्हेंबरात मधूनच कोच काढला आणि क्रेग बेरूबे यांना हंगामी म्हणून बसवलं. जानेवारीत संघ साऱ्या लीगच्या तळाला, आणि जूनमध्ये स्टॅनली कप हातात! मला वाटतं, जगभरच्या संघमालकांचं डोकं फिरवलं ते या एका वर्षानं. काढला की कप मिळतो, एवढंच ते शिकले. त्याच बेरूबेंना त्याच ब्लूजनी 2023 मध्ये काढलं. पुढं 2024 च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या संघानं जिम माँटगोमेरी यांना काढलं, आणि पाचच दिवसांत ते ब्लूजचे कोच झाले. आमच्याकडं पूर्वी पाच दिवसांत सातबाराचा उतारा मिळत नसे.

याच्या उलट आमच्या तालमीतला वस्ताद. त्याला कुणी नेमत नाही, म्हणून काढताही येत नाही. पोरगा जत्रेत चितपट झाला तर गाव पोराला बोलतं, वस्ताद फक्त म्हणतो, "उद्या पाचला ये." तालमीत फलक नाही. भिंतीवर हनुमानाची तसबीर आणि खुंटीला लंगोट, बस्स. अर्थात वस्तादाला परदेशी दौरे नसतात आणि पगारही नसतो, हे मान्य करायला हवं. आपल्या पुरुष संघाच्या ग्रॅहम रीड यांना 2019 ते 2023 एवढा वेळ मिळाला, आणि त्यात टोकियोला 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक, ब्राँझ, आलं, तेव्हा मला क्षणभर तालमीची आठवण झाली होती. पुढं विश्वचषकात आपण उपांत्यपूर्व फेरीही गाठली नाही आणि रीडही बोगद्यातून गेले. त्यांच्यानंतरच्या क्रेग फुल्टन यांनी पॅरिसला लागोपाठ दुसरं ब्राँझ आणलं. त्यांच्या 'पर्यंत'चा रकाना मी हे लिहितोय तेव्हा कोरा आहे.

परवा शाळेत नवे मुख्याध्यापक हजर झाले. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, चहा. सगळे पांगल्यावर पेंटर आला. शिडीची गरजच नव्हती, उरलेली जागा आता गुडघ्याच्या उंचीवर आहे. तो चवड्यांवर बसला, नाव लिहिलं, 'पासून'खाली तारीख टाकली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "गुरुजी, फुडची तारीख बी आत्ताच टाकू का? माझा हेलपाटा वाचंल."

नवे साहेब खुर्चीत होते, म्हणून मी हसलो नाही. पेंटरनं ब्रश पुसला, पैसे मोजून खिशात घातले. निघताना मात्र रंगाचा डबा उचलला नाही. झाकण घट्ट बसवून तो खिडकीच्या कठड्यावर, सावलीत सरकवून ठेवला.